लिंबूटिंबूची लंगडी

आमच्या घरात देव्हाऱ्यापेक्षा माजघरातल्या कोनाड्याचा धाक जास्त. देवाला एक वेळ नारळ कबूल करून गप्प बसवता यायचं, कोनाडा कुणाचं ऐकायचा नाही. दाराच्या उजव्या हाताला, चिऱ्याच्या भिंतीत तो होता. संध्याकाळी त्यात चिमणी लावून ठेवायची, तिच्या काजळीनं त्याची वरची बाजू काळी कुळकुळीत झालेली. घरमालकानं तो दिवा ठेवायलाच केला असणार, पण माझ्या आईनं त्याला मुली मोजायच्या कामाला लावलं. मुलीचं डोकं कोनाड्याच्या खालच्या कडेला लागलं की तिचा परकर सुटला आणि लुगडं आलं. लुगडं आलं की रस्त्यावर धावणं नाही, आवाठातल्या, म्हणजे शेजारच्या घरांतल्या, पोरांत खेळणं नाही, मान वर करून हसणंसुद्धा बेतानं. वय आई विचारातच घ्यायची नाही. "वयाचं काय, सांगू तेवढं," ती म्हणायची. "उंची लोकांना दिसते. मला काय हौस आहे? लोक बोलतात." हे बोलणारे लोक कोण, ते मी त्यानंतर पुष्कळ वर्षं शोधत होते. मला तरी कुठे भेटले नाहीत. पण आईला ते रोज भेटत असावेत.

रत्नागिरीत मांडवी बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमचं भाड्याचं घर. वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. ते बोटीच्या ऑफिसात तिकिटं फाडायला होते. त्यामुळे घरातली जेवणं सूर्यावर चालायची नाहीत, बोटीवर चालायची. लांबून भोंगा ऐकू आला की नाना हातातला घास टाकून उठत, आणि आई त्या बोटीच्या सात पिढ्या उद्धरी. उतारू पडावात बसून बोटीवर चढले, बोट पुढे गेली, की मग नाना परत येऊन गार झालेल्या भातावर गरम आमटी ओतून घेत. सकाळी आम्हा पोरींना उकड्या तांदळाची पेज आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. त्या बांगड्याचा वास केसांत बसायचा तो शाळेपर्यंत. दुपारी परसातल्या पाट्यावर वाटपाचं खोबरं घासल्याचा आवाज, पलीकडे समुद्राची गाज, आणि मधे आईची हाक, "गोदू! यमू! मेल्यांनो, कुठे उंडारताय?" यमू म्हणजे मी. गोदू माझी चुलतबहीण. ती पाळण्यात असतानाच काकू गेली. काका बोटीवर खलाशी, दोन-दोन वर्षांनी उगवायचा, गोदूला एक साबणाची वडी आणि बाहुली द्यायचा आणि पुन्हा नाहीसा व्हायचा. त्यामुळे गोदू आमच्याकडेच वाढली. वाढली म्हणजे खरोखरच वाढली! माझ्याहून दोन-अडीच महिन्यांनी मोठी, पण तिच्याकडे बघताना माझी मान मोडावी एवढी उंच. मी मात्र जिथे होते तिथेच. आम्हाला दोघींना बघून पाहुणे विचारत, "धाकटी कितवीत आहे?" आणि आम्ही दोघी एकाच बाकावर बसत होतो.

गोदू लंगडी घालायची तशी लंगडी मी नंतर कुणाची पाहिली नाही. आमच्या मुलींच्या शाळेचा हा मानाचा खेळ. आता कुणाला माहीत असेल नसेल, म्हणून सांगते. चुन्यानं आखलेल्या चौकोनात एका बाजूच्या मुली पळायच्या. दुसऱ्या बाजूची एकेक मुलगी आत शिरून एका पायावर उड्या घेत त्यांना शिवायला बघायची. जिला शिवलं ती बाद. लंगडी घालणारीनं दुसरा पाय टेकला की तिचं राज्य संपलं, दुसरी यायची. मग डाव उलटायचा. ज्यांनी जास्त बाद केल्या त्या जिंकल्या. सोपं वाटतं ना? घालून बघा. गोदूचा एक पाय म्हणजे इतरांचे दोन. परकर गुडघ्यात खोवून ती चौकोनात उतरली की पळणाऱ्या मुली आधीच किंचाळायला लागत.

आणि मी? मी लिंबूटिंबू. आमच्या परसात, देवळाच्या पटांगणात, शाळेच्या मधल्या सुट्टीत, जिथे जिथे डाव मांडला तिथे तिथे मुली वाटून झाल्या की मी उरायचे. मग गोदू माझा हात धरून म्हणायची, "हिला घ्या गो. लिंबूटिंबू." म्हणजे खेळू द्यायचं, पण धरायचं नाही. तिला कुणी शिवलं तरी ती बाद नाही, तिनं कुणाला शिवलं तरी ती शिवलेलीही बाद नाही. लहान पोर रडू नये म्हणून काढलेली ही तोड. चार वर्षांच्या पोराला ती गोड लागते. तेरा वर्षांच्या मुलीला काय वाटतं ते मला विचारा! मी जीव खाऊन पळायचे, कुणी मला शिवून हसत पुढे जायचं आणि माझ्याकडे वळूनसुद्धा बघायचं नाही. हल्ली माझी पणतवंडं पत्ते मांडतात तेव्हा पणजीला लिंबूटिंबू घेतात. परवा मी पानं त्यांच्या तोंडावर टाकली आणि उठले. नातसून म्हणाली, "आजी, किती रागावता हो, खेळच तो."  तिला कुठून सांगायला सुरुवात करणार!

तर मला वाढायचं होतं. मला संघात जायचं होतं आणि त्यासाठी मला वाढायचं होतं, दुसरं काही सुचत नव्हतं. परसातल्या फणसाच्या आडव्या फांदीला मी रोज लोंबकळायचे. हात लांब होतील तर झाले, उंची काही होईना. मग जैनबबीला गाठलं. ही मिरकरवाड्याहून डोक्यावर पाटी घेऊन मासे विकायला यायची, आईची मैत्रीण. दोघी पायरीवर बसून माशाच्या भावावरून भांडत आणि भांडण संपलं की पान खात. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाली, "वैनी, या पोरीला मोरीचा तेल पाजा. आमचे पोरगे बघा, माडासारखे वाढलेत." मोरी मासळीचं ते तेल तिनं बाटलीत आणून दिलं. अगो बाय! वास म्हणजे काय वास! रोज सकाळी नाक दाबून एक चमचा. शाळेत माझ्या बाकावर गोदूशिवाय कुणी बसेना, आणि शेजारचा बोका माझ्या मागोमाग शाळेच्या फाटकापर्यंत यायला लागला. महिनाभर मी ते प्याले. दर शुक्रवारी कोनाड्याखाली उभी राहायचे आणि गोदूला म्हणायचे, "बघ ना, किती राहिलं?" ती डोक्यावर आडवा हात ठेवायची, कोनाड्याकडे बघायची आणि म्हणायची, "पुष्कळ." मला रडू यायचं. एकदा मात्र तिनं हात काढलाच नाही. तसाच माझ्या डोक्यावर दाबून धरला आणि म्हणाली, "यमू, शहाणी असशील तर वाढू नकोस गो."

मला तेव्हा तिचा राग आला. हिला काय, मिळालंय सगळं. पण त्या दिवसांत मी तिच्याकडे नीट बघितलं असतं तर कळलं असतं. माजघरातून जाताना ती गुडघ्यात वाकून जायची. आईसमोर उभी राहिली की खांदे पाडायची, मान आत घ्यायची, एक पाय दुमडायची. ज्या पायांनी ती लंगडीत सगळ्यांना पाणी पाजायची तेच पाय ती घरात लपवत होती. दसऱ्याच्या सकाळी आईनं तिला दाराशी बोलावलं, पाठीच्या कण्यावर सपकन हात मारला आणि म्हणाली, "सरळ उभी राहा." गोदू सरळ झाली. डोकं कोनाड्याच्या कडेला टेकलं, टेकलं कसलं, दोन बोटं वर गेलं. आईनं पेटीतून आपलं एक अंजिरी रंगाचं लुगडं काढलं आणि तिला नेसवायला घेतलं. गोदूच्या डोळ्यांतून टपाटपा पाणी गळत होतं आणि आई निऱ्या घालता घालता आपलेच डोळे पुसत होती. "माझं असंच झालं होतं," ती म्हणाली. "त्याला काय करायचं." मला वाटलं, काय म्हणजे? नेसवू नको! पण हे मनात. आमच्या घरात मनातलं बोलायलासुद्धा कोनाड्याएवढी उंची लागायची, आणि तेवढी उंची आली की तोंडच बंद व्हायचं.

शाळेच्या बाईंनी घरी येऊन आईची मनधरणी केली. बाई पुण्याकडच्या, टोकदार बोलायच्या, आम्ही 'गो' म्हणू तिथे त्यांचं 'अगं'. पण जीव लावणाऱ्या. दुसऱ्या शाळेच्या मुलींशी आमचा लंगडीचा सामना ठरला होता. आमच्याच शाळेच्या आवारात, बघायला बायकाच, पुरुष म्हणाल तर एक पंच, तोही पेन्शन घेतलेला म्हातारा ड्रिलमास्तर. "तेवढा एक सामना खेळू दे गोदावरीला. मग नाही नेणार." आईनं नानांकडे बघितलं, नानांनी भिंतीकडे बघितलं. शेवटी आई म्हणाली, "लुगड्याचा काचा मारून खेळू दे. पण एकच." गोदू त्या दिवशी चुलीपुढे बसून इतकी हसत होती की तिला ठसका लागला.

सामन्याच्या सकाळी पेज वाढत असतानाच दारात माणसं आली. नाटे गावची. तिथला एक व्यापारी, स्वतःचे दोन मचवे असलेला. मुलासाठी गोदूचं नाव कुणीतरी सुचवलं होतं, आणि भरतीची वेळ साधून ते न कळवताच मचव्यातून येऊन थडकले होते. पाण्यानं येणारा पाहुणा परत कसा लावणार? पुढची भरती लागेपर्यंत ते हलणारही नव्हते. आईची तारांबळ उडाली. जैनबबीकडून सुरमई, शेजारून दूध, पाट्यावर खोबरं. गोदू परसदारी काचा मारून तयार उभी होती. आई मागं गेली आणि तिनं स्वतःच्या हातानं तो काचा सोडला. मी तिथेच होते. गोदू फक्त माझ्याकडे बघून म्हणाली, "तू जा गो. बाईंना सांग."

मी सांगायला गेले आणि सांगता सांगता ढसाढसा रडले. बाई मटकन बाकावर बसल्या. एक मुलगी कमी. दुसरी कुठून आणणार? माझ्याकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. "यमुना, तू उतरशील?" मला वाटलं, मोरीचं तेल फळलं! गोदूच्या जागी उतरायचं याची लाज वाटायला हवी होती, तीही वाटत होती, पण तिच्याहून मोठी एक उकळी पोटातून वर येत होती. मी गडी होते. आज पहिल्यांदा मी मोजणीतली होते.

समोरच्या शाळेच्या मुली रांगेत उभ्या राहिल्या आणि माझी उकळी निम्म्यावर आली. एकेक जण नुसती उंच. त्यांची अनसूया म्हणून होती, माझे डोळे तिच्या पदकाच्या उंचीला येत होते, म्हणजे गळ्याच्याही खाली.  एवढ्यात त्यांच्या बाई पुढे आल्या. बोलायला गोड होत्या हो, उगाच दोष देऊ नये. "अहो, ही चिमुरडी कशी खेळणार? आमच्या मुलींचा धक्का लागला, पोर पडलं, तर आई-बापांना काय सांगायचं? हिला बसवा आणि तुमची एक कमी खेळवा." आमच्या बाईंना ते परवडणारं नव्हतं. वाद नको, सामना सुरू व्हावा, म्हणून त्या हसत हसत आमच्याकडूनच शिकलेला शब्द बोलून गेल्या, "असू द्या हो. लिंबूटिंबू समजा!" त्यांच्या बाईही हसल्या. "मग हरकत नाही," म्हणाल्या. ड्रिलमास्तरांनी मान डोलावली आणि शिट्टी फुंकली.

बाई पुण्याच्या. त्यांना तो शब्द गोड वाटत असे, साखरेच्या बाहुल्यांसारखा. त्यात कायदा आहे हे त्यांना माहीत नव्हतं. रत्नागिरीच्या मुलींना मात्र तो कायदा तोंडपाठ होता.

पहिला डाव आमचा पळण्याचा. मी अशी पळाले, अशी पळाले की डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण अनसूया दोन उड्यांत माझ्यापर्यंत आली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. स्वच्छ शिवली. मी मान खाली घालून रेषेकडे निघाले. वाईट वाटत होतं, पण खरं सांगू, त्यात एक थाटही होता. बाद होणाऱ्या मुली कशा चालत जातात ते मी कितीदा बघितलं होतं, केस मागे सारत, धापा टाकत. तशी मी चालत होते. तेवढ्यात त्यांच्याच मुली ओरडल्या, "अगो, तू कुठे चाललीस? तू लिंबूटिंबू!" आणि दोघीतिघींनी मला खांद्याला धरून पुन्हा आत ढकललं. प्रेमानं ढकललं. बघणाऱ्या बायका हसल्या. मग तो डाव संपेपर्यंत मी चौकोनात पळत राहिले आणि माझ्या मागे कुणी आलंच नाही. आमच्यातल्या एकेक बाद होत गेल्या. घंटा झाली तेव्हा आमच्या सहा गेल्या होत्या, आणि मी आत उभी होते, कुणाची नाही अशी.

दुसरा डाव आमच्या लंगडीचा. गोदू असती तर तो डाव तिनं एकटीनं खाल्ला असता. तरी आमच्या मुलींनी जीव तोडून त्यांच्या सहा टिपल्या. मग एकीचा पाय टेकला, दुसरी घसरून पडली, आणि लंगडी घालायला कुणी उरलं नाही. मी उरले. थोडा वेळ शिल्लक होता. बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "जा, बाळ, जमेल तेवढं कर." मी परकर खोवला, गोदू खोवायची तसा, आणि आत उडी घेतली. आत त्यांच्या काही मुली होत्या, पण मी दुसऱ्या कुणाकडे बघितलंच नाही. मला अनसूयाच हवी होती.

सुरुवातीला ती हसत होती. माझ्या तीन उड्या व्हायच्या तेव्हा तिचं एक पाऊल व्हायचं. मांडी पेटली, छातीत भाता फुंकत होता, घाम डोळ्यांत जात होता. पण मला गोदूची एक खोड माहीत होती. ती माणसाच्या मागे जायची नाही, माणूस जिथे वळणार त्या कोपऱ्याकडे जायची. मी कोपऱ्याकडे सरकत गेले. अनसूयाच्या लक्षात आलं आणि तिचं हसू गेलं. ती खरी पळायला लागली, ओठ आवळून, माझ्यावर डोळा ठेवून. उभ्या आयुष्यात मला तोवर कुणी असं घाबरलं नव्हतं! तिनं डावीकडे हूल दिली, मी फसले नाही. ती उजवीकडे वळली आणि मी पुढे झेप घेऊन तिच्या दंडावर तळहात मारला. चट् आवाज आला. मग मी तोंडावर पडले. ढोपर फुटलं, तोंडात माती गेली. पण आधी शिवलं आणि मग पडले. हे सगळ्यांनी बघितलं.

शिट्टी वाजली नाही. मी मातीतूनच वर बघितलं. ड्रिलमास्तर शिट्टी ओठांशी धरून दोन्ही बाईंकडे बघत होते. त्यांच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "पण ती लिंबूटिंबू ठरली होती ना? आमच्या मुलीनं तिला शिवलं ते आम्ही कुठे धरलं?" यावर काय बोलणार? बोला तुम्ही! अगदी न्यायाचं बोलणं होतं.  अनसूया दंड चोळत म्हणाली, "मला शिवलं हो तिनं. खरंच शिवलं." तिच्या बाई म्हणाल्या, "तुला कुणी विचारलं?" ड्रिलमास्तर भला माणूस. त्यांनी बोटांवर काहीतरी केलं आणि हसून म्हणाले, "अहो, वाद कशाला? दोन्ही शिवण्या धरल्या तर सात-सात. दोन्ही सोडल्या तर सहा-सहा. बरोबरी ती बरोबरीच. मग सोडूनच देऊ."

सगळ्यांना हायसं वाटलं. मी उठून त्यांच्यापुढे गेले. "सर, धरा ना," मी म्हणाले. "मला बाद धरा. मी बाद झाले होते. ते धरा आणि हेही धरा." त्यांना काही कळेना. "अगं, पण फरक काय पडतो?" ते म्हणाले. "तुला धरली काय नि सोडली काय, हिशेब तोच." ते समजावून सांगत होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हातसुद्धा फिरवला. मला ओरडायचं होतं. आजही कधी कधी एकटी असताना मी त्या माणसाला उत्तरं देते. एकाहून एक चांगली उत्तरं सुचतात. त्या वेळी एकही नव्हतं. मग दोन्ही शाळांना खडीसाखर वाटली. मला बाकीच्यांपेक्षा मूठभर जास्त दिली, लहान म्हणून.

घरी आले तेव्हा पाहुणे भरतीबरोबर गेले होते. पडवीत पानाची ताटली, विड्यांची देठं, सुपारीचा चुरा. आई दमून भिंतीला टेकली होती. तिनं माझं ढोपर बघितलं, हळद लावली, आणि कुठे पडलीस हेसुद्धा विचारलं नाही. "ठरलं हो गोदूचं," ती म्हणाली. "दिवाळी झाली की लगेच." तिला आनंद झाला होता की वाईट वाटत होतं, मला कळलं नाही. मला वाटतं, दोन्ही. पुढे त्या कोनाड्याला माझं डोकं कधीच लागलं नाही. शेवटी आईच हरली. "तुझ्यासाठी काय भिंत खाली आणू?" म्हणत तिनं मला लुगडं नेसवलं, पण तोवर मी सगळ्या इयत्ता पुऱ्या केल्या होत्या. माझं शिक्षण माझ्या हुशारीनं झालं असं लोक म्हणतात. खुजेपणानं झालं. गोदू माझ्याएवढीच हुशार होती.

ती परसात विहिरीच्या कठड्याला टेकून उभी होती. डोक्यात आबोलीचा वळेसर, अंगावर तेच अंजिरी लुगडं. "कोण जिंकलं?" तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं. सांगताना हुंदके देत होते, शेंबूड पुसत होते, आणि ती मन लावून ऐकत होती. अनसूया कुठे वळली, मी कोणत्या पायावर होते, सगळं विचारून घेतलं. मग मी विचारलं, "आणि तुझं?" ती म्हणाली, "मला चालायला सांगितलं. मग त्यांच्याबरोबर आलेल्या मुलीशेजारी उभी केली. सासू म्हणाली, उंचीला बरी आहे, माळ्यावरची भांडी काढायला शिडी नको." आणि ती हसली. "मला कुणी काही विचारलं नाही गो, यमू. मी तिथेच होते, आणि सगळे माझ्याबद्दल बोलत होते." मग म्हणाली, "मी आज लिंबूटिंबूच."

 मी खडीसाखरेची पुडी तिच्यापुढे केली. तिनं ती कठड्यावर ठेवली आणि एकदम लुगडं वर खोवलं. "चल," म्हणाली. "मी पळते. तू लंगडी घाल. खरीखुरी."

"आई बघेल."

"बघू दे."

"तू मुद्दाम हळू पळशील."

"देवीशपथ नाही."

दोन माड, विहीर आणि भाताच्या पेंढ्याची उडवी, एवढाच आमचा चौकोन. उजेड कमी होत चालला होता. फुटलेल्या ढोपराच्याच पायावर मी उभी राहिले आणि तिच्यामागे गेले. ती हळू पळाली नाही. तिनं मला त्या परसात घुमवलं, हूल दिली, माडाआडून काढलं. पेंढ्याच्या बाजूला ती वळली तेव्हा तिचं लुगडं सुटलं की पायात आलं की तिनं मुद्दाम पाऊल आखडलं, हे मी आज एवढी म्हातारी झाले तरी ठरवू शकलेले नाही. मी तिच्या पाठीवर हात मारला.

ती तिथेच थांबली. धापा टाकत होती. केस मागे सारले, लुगडं सारखं केलं आणि माडापलीकडे, रेषेबाहेर जाऊन उभी राहिली. बाद झालेल्या मुली उभ्या राहतात तशी, हात मागे बांधून.

"मोज," ती म्हणाली.

मी एका पायावरच उभी होते. घरातून आईची हाक आली, आधी माझ्या नावानं, मग तिच्या. गोदू हलली नाही. मोजल्याशिवाय ती हलणार नव्हती.

"एक," मी म्हणाले.

"मोठ्यानं."

"एक!" मी ओरडले, आणि मग मला पाय टेकवेना.